सांध्यावर हात ठेवण्यापूर्वी

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन कला शाखेची पदवी मिळवली आणि गेली तीस वर्षे वृत्तपत्रात लेखणी चालवतो आहे. असा मनुष्य सांधेदुखीवर बोलायला उभा राहिला की श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच खुलासा करतो. काही वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला. त्या लेखावर विश्वास ठेवून माझी थोरली बहीण एका उपचाराला गेली आणि तिच्या आयुष्यातले मोलाचे आठ महिने वाया गेले. लेखाची दुरुस्ती मी पुढे छापली. पण वृत्तपत्रातली दुरुस्ती वाचतो कोण? ती आज आपल्यासमोर तोंडी करतो आहे.

घडले ते असे. 2018 च्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. रात्रपाळीची नोकरी, खुर्चीत वाकून बसण्याची सवय आणि व्यायामाचा कंटाळा, या तिन्हींचे फळ एकदमच पदरात पडले. अंथरुणातून उठायचे तर आधी कुशीवर वळायचे, मग हाताचा टेकू घ्यायचा, अशी अवस्था. एका स्नेह्याने मला शहरातल्या एका कायरोप्रॅक्टिक केंद्रात नेले. तिथे मऊ गादीच्या अरुंद मेजावर पालथे निजवून त्या गृहस्थांनी पाठीचा एकेक मणका चाचपला आणि नेमक्या जागी तळहाताने असा काही झटका दिला की ‘कट्ट’ असा आवाज झाला. तिसऱ्या खेपेनंतर मी ताठ चालू लागलो. आनंदाच्या भरात रविवारच्या पुरवणीत अर्धे पान लिहिले. मथळाही मीच दिला होता, ‘बोटांची जादू’. आता तो आठवला की शरम वाटते.

कंबरेचे असे अचानक उद्भवलेले दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच उतरते, ही गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. तेव्हा मला उतार पडला त्यात झटक्याचा वाटा किती आणि काळाचा किती, हे मी आजही सांगू शकत नाही. लेखात मात्र मी ते छातीठोकपणे सांगितले होते.

त्याच सुमारास आक्काचा दूरध्वनी आला. आक्का सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असते. तेव्हा तिचे वय चौपन्न. ती म्हणाली, “सकाळी मूठच मिटत नाही रे. दहा वाजेपर्यंत हे हात माझे नसतातच मुळी. भाकरी थापायची तर परातीत पीठ तसंच राहतं.” मी ते ऐकले, पण समजून घेतले नाही. म्हणालो, “अगं आक्का, सांधे आखडलेत, दुसरं काय? माझी कंबर आखडली होती तशीच. तू ये इकडे.” ती आली. बारा बैठकींचे पैसे एकरकमी भरले. मनगटे ओढली गेली, बोटे ओढली गेली, पाठ झाली, आणि प्रत्येक खेपेस शेवटी मानेला उजवीकडून एक आणि डावीकडून एक असा झटका. त्या दिवशी संध्याकाळी तिला हलके वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा लाकडासारखे. पाचव्या महिन्यात तळपाय दुखू लागले. चप्पल घालून चालताना खडे टोचतात, असे ती सांगे. केंद्रातून सल्ला मिळाला की आणखी बारा बैठका घ्याव्यात.

आठव्या महिन्यात, तेही माझ्या भाच्याने हट्ट धरला म्हणून, आम्ही संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचे हात हातात घेतले, बोटांची मधली पेरे हलकेच दाबून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला: “सकाळी उठल्यावर हा ताठरपणा किती वेळ टिकतो?” आक्का म्हणाली, “दीड-दोन तास तर सहज.” इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीही विचारलेला नव्हता. तीस वर्षे लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या तिच्या भावानेही नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांची क्ष-किरण छायाचित्रे काढली. बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. डॉक्टरांनी मानेचीही छायाचित्रे मागवली, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन. ती पाहून त्यांनी विचारले, “मानेला झटके कोणी दिले?” मी मान खाली घातली.

आता हे सारे नीट उलगडून सांगतो.

आपल्या भाषेत ‘संधिवात’ हा एकच शब्द आहे आणि त्या एका शब्दाच्या छत्राखाली अगदी परस्परविरोधी आजार गुण्यागोविंदाने नांदतात. सत्तरीतल्या आजोबांचा गुडघा दुखतो, तोही संधिवात. तिशीतल्या बाळंतिणीची बोटे सुजतात, तोही संधिवात. मध्यरात्री पायाचा अंगठा पेटल्यासारखा ठणकतो, तोही संधिवातच. 2006 मध्ये चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रात आली आणि तापातून उठलेली माणसे कित्येक महिने भिंत धरून चालत होती. त्यांनाही शेजारीपाजारी “संधिवात जडला” असेच म्हणत. घरगुती बोलण्यात हे चालते. उपचार ठरवताना मात्र तेवढे पुरत नाही.

पहिला प्रकार झिजेचा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्याचा वारसा अशा कारणांनी ती कूर्चा पातळ होते, हाडाला बारीक कंगोरे फुटतात, भोवतालचे स्नायू दुबळे होतात. याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. गुडघा, नितंबाचा सांधा, बोटांची टोकाकडची पेरे आणि मणके ही त्याची आवडती ठिकाणे. चालल्यावर, जिने चढल्यावर दुखते. विसावा घेतला की बरे वाटते. सकाळी सांधा आखडतो खरा, पण चार पावले टाकली, चहा झाला की मोकळा होतो. अर्ध्या तासाच्या आत.

दुसरा प्रकार दाहाचा. शरीराची संरक्षक यंत्रणाच भ्रमिष्ट होऊन सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. आक्काचा आजार तो हाच. यात सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, दोन्ही हातांचे तेच तेच सांधे जोडीने सुजतात, थकवा येतो, कधी बारीक ताप असतो. विश्रांतीने हे दुखणे कमी होत नाही. आणि औषधाविना राहिले तर पहिल्या काही महिन्यांतच हाड कुरतडायला लागते. हे नुकसान भरून येत नाही. आक्काचे आठ महिने ‘मोलाचे’ असे मी म्हणालो ते याचसाठी.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता का? होता, आणि फार चांगला ठाऊक होता. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन आहे. पुढे माधवनिदान या ग्रंथाने ‘आमवात’ हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. रात्री अंगठा पेटणारे ते ‘वातरक्त’ तर चरकातच निराळे सांगितलेले आहे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. झिजेच्या वाताला तेलाचे मर्दन आणि शेक सांगितला. आमवाताच्या सुरुवातीच्या अवस्थेत मात्र तेल लावू नये, कोरडा शेक द्यावा, असा दंडक वैद्यपरंपरेने घातला. वाळूची पुरचुंडी तापवून देतात तो वालुका-स्वेद तो हाच. उपचाराआधी निदान ही शिस्त आपल्याकडे ग्रंथांतरी होती, आणि आपण घरोघरी तिळाच्या तेलाची एकच वाटी सर्वांच्या सांध्यांवर रिकामी करत बसलो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे तंतोतंत आमवातच, असे माझे म्हणणे नाही. दोन शास्त्रांच्या चौकटी वेगळ्या आहेत. पण हात लावण्यापूर्वी सांधा ओळखावा, हे दोन्ही शास्त्रे सांगतात.

हाताने दुखणे काढण्याची कला आपल्याला काही नवी नाही. तालमीतले वस्ताद निखळलेला खांदा बसवत. गावोगावी हाडवैद्य असत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा उपचार आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. मी तर स्वतः अनुभवला आहे. न्हाव्याकडे डोक्याला चंपी झाली की शेवटी तो मानेला हिसका देऊन आवाज काढी आणि गिऱ्हाईक खूश होई. आज त्याच आवाजाच्या चित्रफिती घटकाभरात लाखो लोक भ्रमणध्वनीवर पाहतात.

कायरोप्रॅक्टिक हा अमेरिकेतला उपचार. त्याचा जन्मदिवसही सांगितला जातो, 18 सप्टेंबर 1895. गाव आयोवा राज्यातले डॅव्हनपोर्ट. डॅनियल डेव्हिड पामर हे मूळचे कॅनडातले गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करीत. हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराला कमी ऐकू येत असे. पामर यांनी त्याच्या पाठीतला एक मणका दाबून ‘बसवला’ आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी कथा आहे. कानापासून मेंदूकडे जाणारी मज्जा कवटीतच असते, पाठीच्या कण्यातून जात नाही. त्यामुळे या कथेवर शरीरशास्त्र जाणणाऱ्यांनी तेव्हापासून भुवया उंचावल्या आहेत. पामर यांनी मात्र त्यातून अख्खे शास्त्र उभे केले. ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘क्रिया’ या अर्थाच्या शब्दांवरून नाव घेतले, 1897 मध्ये विद्यालय काढले, आणि 1910 च्या आपल्या ग्रंथात शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्याने होतात, असे सांगून ते मोकळे झाले. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल 1906 मध्ये त्यांना तुरुंगातही जावे लागले होते.

पुढची कथा मोठी रंजक आहे, पण थोडक्यात सांगतो. कॅन्सस राज्याने 1913 मध्ये या व्यवसायाला कायद्याची मान्यता दिली, लुइझियानाने सर्वांत शेवटी 1974 मध्ये. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने या मंडळींवर बहिष्कार घातला होता. चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये त्या संघटनेवर दावा लावला आणि 1987 मध्ये न्यायालयाने बहिष्कार बेकायदा ठरवला. याउलट इंग्लंडमध्ये सायमन सिंग या पंजाबी वंशाच्या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये मुलांच्या आजारांबाबतच्या कायरोप्रॅक्टिकच्या दाव्यांवर टीका केली, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टर संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. दोन वर्षे झुंज चालली आणि 2010 मध्ये संघटनेलाच माघार घ्यावी लागली. एक वृत्तपत्रीय लेखक म्हणून मला सिंग यांचा हेवा वाटतो. त्यांनी प्रश्न विचारले होते. मी स्तोत्र लिहिले होते.

मग या उपचारात काहीच तथ्य नाही का? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. पामर यांचा पंचाण्णव टक्क्यांचा सिद्धांत टिकला नाही आणि आजचे अनेक समंजस कायरोप्रॅक्टरही तो मानत नाहीत. पण कंबरदुखीत मणक्यांवर हाताने केलेल्या उपचाराचा काही अंशी उपयोग होतो, एवढे संशोधनात दिसले आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या महाविद्यालयाने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत औषधाविना करायच्या उपायांत व्यायाम, शेक, योग यांच्या जोडीने याचाही उल्लेख आहे. आखडलेले स्नायू सैल होतात, हालचाल काही काळ वाढते.

आणि तो ‘कट्ट’ आवाज? हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम ओढले गेले की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो ध्वनी. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढले जात असतानाच एमआरआय काढून ती पोकळी प्रत्यक्ष दाखवली. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तर पन्नासहून अधिक वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. दोन्ही हातांत फरक पडला नाही. त्या चिकाटीबद्दल त्यांना 2009 चे गमतीदार इग नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आजीबाई “बोटं मोडू नकोस” म्हणत त्यामागे दुसरे काही कारण असेल, संधिवाताचे नव्हते.

गुडघ्याच्या झिजेबाबत चित्र असे आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 2022 च्या सूचना सांगतात की हाताचे उपचार द्यायचेच असतील तर ते व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, सुटे नव्हेत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी 2019 च्या सूचनांत याहून हात आखडता घेतला आहे. व्यायामात हाताच्या उपचाराची भर घालून विशेष पदरात पडत नाही, असा त्यांचा कौल. दुसरीकडे, अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांत 156 रुग्णांवर झालेला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, निम्म्यांना हाताचे उपचार आणि व्यायाम अशी फिजिओथेरपी दिली. वर्षअखेर दुसरा गट अधिक सुखात होता. या सर्वांतून माझ्यासारख्या सामान्य माणसाने काय घ्यायचे? हाताने सांधा थोडा मोकळा होतो. त्या मोकळ्या झालेल्या वेळात आपण व्यायाम केला तर तो लाभ टिकतो. मेजावर पडून राहणारा रुग्ण पैसे देत राहतो.

व्यायाम म्हणताच आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे बैठका आणि सूर्यनमस्कार आले असतील. तरुणपणी ज्यांनी ते केले त्यांचे कल्याणच झाले. पण झिजलेल्या गुडघ्याने आज ‘मी रोज पन्नास मारायचो’ असे म्हणून पुन्हा बैठका सुरू करू नयेत, आणि वज्रासनात तर मुळीच हट्टाने बसू नये. माझ्या उजव्या गुडघ्याची आता झीज आहे. मी काय करतो ते सांगतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचलायचा, मांडीचा स्नायू घट्ट करायचा, मनात दहा अंक मोजायचे, खाली ठेवायचा. मग दुसरा पाय. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे. सपाट रस्त्यावर चालायचे. प्रथम दोन आठवडे गुडघा कुरकुरतो, कुरकुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी सूज आली तरच प्रमाण कमी करावे. हे सर्व मला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी या शास्त्राचे देशातले पहिले विद्यालय निघाले. तेव्हा पोलिओग्रस्त मुले डोळ्यांपुढे होती. आज त्या विद्येचा लाभ आपल्यासारखे म्हातारे घेत आहेत.

वजनाचे गणितही ऐका. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो उतरवले तर वीस किलोंचे पोते गुडघ्यावरून खाली उतरले. काठीबाबत बहुतेकांची एक चूक होते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. चित्रपटातले म्हातारे नेहमी उलटे करतात! जेवायला पंगतीत मांडी घालून बसण्याचा आग्रह यजमानांनी धरू नये, आणि पाहुण्याने खुर्ची मागायला लाजू नये. घरातल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात खुर्ची बसवून घेण्याचा खर्च पुष्कळशा औषधांपेक्षा लवकर वसूल होतो. वेदनाशामक गोळ्यांबाबत एवढेच, की दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांची किंमत मोजावी लागते. ‘जडीबुटी’ म्हणून बिनलेबलाच्या पुडीत मिळणारी जी भुकटी दोन दिवसांत चमत्कार करते, तिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. चमत्कार तिथून येतो.

आता दाहाच्या संधिवाताकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. ऱ्हुमॅटॉइड आजार मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध सैल करू शकतो. त्या दोन मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. बंध सैल असताना मानेला झटका बसला तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. त्याचा परिणाम हातापायांच्या पक्षाघातापर्यंत जाऊ शकतो. आक्काच्या मानेत ती सैलता थोडी होती. अनर्थ झाला नाही, हे केवळ दैव. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून झटक्याचा विकार झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. असे क्वचित होते. पण आपल्या घरात झाले तर ‘क्वचित’ या शब्दाचा कोणाला आधार वाटणार?

तरुणांबाबतही एक सूचना. विशी-तिशीतला मुलगा पहाटे तीन-चारला पाठ आखडून जागा होतो, चालल्यावर बरे वाटते आणि झोपल्यावर बिघडते. घरचे म्हणतात, दुचाकीने पाठ मोडली, उसण भरली. हे तीन महिन्यांहून अधिक चालले तर मणक्यांच्या दाहाचा, अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिसचा, विचार झालाच पाहिजे. हा आजार जुना झाला की मणके एकमेकांना जोडले जाऊन बांबूसारखे होतात, आणि असा कणा झटक्याने मोडतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांचेही तेच. आणि एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप असला, तर शेक नको, मालिश नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात पू होत असू शकतो.

आक्काला जे औषध सुरू झाले त्याचे नाव मेथोट्रेक्सेट. त्याची कथा सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कायरोप्रॅक्टिक जन्मले त्या 1895 सालीच, 12 जानेवारीला, आंध्रातल्या भीमावरम येथे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेताना त्यांनी खादीचा अंगरखा घातला, इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची पदविका हाती पडली. काही काळ ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवीत. 1923 मध्ये अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये संशोधन केले आणि पुढे लेडर्ले या औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार केली. कर्करोगग्रस्त मुलांसाठी ती प्रथम वापरली गेली. सुब्बाराव 1948 मध्ये न्यूयॉर्कला वारले. त्यांच्या त्याच कामातून आलेल्या मेथोट्रेक्सेटला 1988 मध्ये अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी मान्यता मिळाली आणि आज जगभर या आजाराचा पाया तेच औषध आहे. आमच्या घरात आम्ही झटक्याच्या आवाजाला विज्ञान समजत होतो आणि भीमावरमच्या या माणसाचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. कृपया हे लक्षात ठेवा. चुकून रोज घेतले तर ते प्राणघातक ठरू शकते, आणि अशा चुका घडलेल्या आहेत. अधूनमधून रक्ताची तपासणी करावी लागते, यकृतावर लक्ष ठेवावे लागते. त्याला झटपट गुण नाही. परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात शेजारीण नवा उपाय घेऊन दारात उभी असते.

शेवटी, ज्यांना हाताचा उपचार घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी. भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, आयुष मंत्रालयाच्या पद्धतींतही त्याचा समावेश नाही. परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला माणूस आणि शनिवार-रविवारचा वर्ग करून फलक लावणारा माणूस यांच्या पाट्या दिसायला सारख्याच असतात. तेव्हा शिक्षण कुठे झाले ते निःसंकोच विचारा. आधी तुमची विचारपूस करतो का, सकाळच्या ताठरपणाविषयी, तापाविषयी, हाडांच्या ठिसूळपणाविषयी विचारतो का, ते पाहा. मानेला झटका नको असे आपण म्हणालात आणि तो रागावला तर पादत्राणे घालून निघा. बारा बैठकींचे पैसे आधी मागितले तरी निघा. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करा म्हणाला तर पादत्राणे हातात घेऊनच निघा.

आक्का आता बरी आहे, म्हणजे आजार काबूत आहे. उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती तशीच राहतील. भाकरी ती पुन्हा थापते, पूर्वीपेक्षा लहान. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर गुरुवारी तांबड्या शाईने एक टिंब असते. गोळी घेतली की ती त्याभोवती गोल काढते. माझा तो लेख तिने कापून डब्यात ठेवला आहे. मी मागितला, पण ती देत नाही.

मी बराच वेळ बोललो. आपण सर्व तासभर एकाच जागी बसला आहात. ज्यांचे गुडघे आखडले असतील त्यांनी आधी उठून दोन फेऱ्या माराव्यात, मग प्रश्न विचारावेत.